कपाटातलं वाचन

जुलैतल्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या, एका दुपारी मी वेलिंग्टनमधल्या जॉन्सनव्हिलला चंद्रहासच्या घरी गेले, ते एक पुस्तक ऐकायला. पुस्तक ऐकायला कुणाच्या घरी कशाला जायला हवं, असं तुम्ही म्हणाल. फोनवर मीही त्याला तेच विचारलं. तो म्हणाला, पुस्तक अजून ॲपवर टाकलेलं नाही, टाकण्याआधी तुम्ही एकदा ऐकायला हवं, आणि ते माझ्यासमोर ऐकायला हवं. मी गाडी काढली. दक्षिणेचा वारा सुटला होता, टेकडीवरची झाडं एका बाजूला लवली होती, आणि रस्त्यात कुत्रंसुद्धा नव्हतं.

माझ्या कानांना एवढा मान का, ते आधी सांगते. मी पडदे शिवते. वेलिंग्टनच्या गारठ्यात घरोघरी जाड अस्तराचे पडदे लागतात, त्यामुळे कामाला तोटा नाही. शिवणाऱ्या बाईचे हात आणि डोळे गुंतलेले असतात, कान मात्र मोकळे. मराठीत जेवढी म्हणून पुस्तकं कुणी वाचून, रेकॉर्ड करून ठेवली असतील तेवढी मी मशीनवर बसल्या बसल्या ऐकून संपवली आहेत. आणि ऐकून गप्प बसत नाही. इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर प्रत्येक पुस्तकाचा अभिप्राय टाकते. लोक म्हणतात, वासंतीताईंची जीभ कात्रीसारखी चालते. चालू दे की.

एका नटाने भलीमोठी ऐतिहासिक कादंबरी वाचली आहे, तो न्याहारीचं वर्णनसुद्धा तोफेच्या आवाजात करतो. राजाने भाकरी मोडली तेव्हा मला वाटलं किल्ला पडला. एका बाईंनी भुताच्या गोष्टी वाचल्या आहेत, त्या अशा लाडाने की भुताला आता घास भरवतील. एक गृहस्थ कथेतल्या बायकांची वाक्यं नाकातून म्हणतात. त्यांच्या लेखी बाई म्हणजे सर्दी झालेला पुरुष. आणि एक नावाजलेले वाचक आहेत, ते वाक्याचा शेवट गिळतात. दोनदा ऐकूनही खून कुणी केला ते मला अजून कळलेलं नाही. हे सगळं मी तसंच्या तसं लिहिलं आहे, आणि त्यापायी कुणी मला फराळाला बोलवायचं थांबवलं असेल तर माझी काही हरकत नाही.

इरावतीबद्दल पहिल्यांदा लिहिलं तेव्हाही मी खोडच काढली होती.

इरावती म्हणजे चंद्रहासची बायको. दोघं पुण्याहून आलेली. तो कॉम्प्युटरवाला, ती आधी शाळेत शिकवायची. त्यांनी मराठी पुस्तकांचं एक छोटंसं ॲप काढलं होतं. वाचायची ती, बाकीचं सगळं तो बघायचा. ती अभिनय करत नसे. समोर बसून आपल्याशी बोलावं तशी वाचायची, आणि दुःखाचं वाक्य आलं की आवाज रडवा न करता किंचित सावकाश व्हायची. तिला दमा होता. लांब वाक्याआधी श्वास घेताना अगदी बारीक शिट्टी वाजायची. मला ती शिट्टी आवडायची, कारण पलीकडे माणूस बसलंय हे त्यावरून कळायचं. पण प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी लाकडावर टकटक ऐकू यायची. मी लिहिलं, वाचन सुरेख आहे, पण दारावर कोण आलंय ते बघून घ्या आणि मग वाचायला बसा.

तिचा फोन आला. दुसरी असती तर भांडली असती, ही हसत सुटली. म्हणाली, "ताई, दारावर कुणी नसतं. मीच आतून ठोठावत असते."

मग तिने सगळं सांगितलं. बेडरूमच्या भिंतीतल्या कपड्यांच्या कपाटात बसून ती वाचायची. रजया आणि कोट लटकवले की बाहेरचा आवाज आत येत नाही, त्यामुळे घरी वाचणारे बरेचजण असंच करतात. पण मागच्या भूकंपात त्यांच्या घराची एक बाजू जराशी खचली होती, आणि तेव्हापासून कपाटाचं दार आपोआप उघडायचं. म्हणून चंद्रहासने बाहेरून एक पितळी कडी बसवली. ती आत गेली की तो कडी लावायचा आणि बाहेरच्या टेबलापाशी काम करत बसायचा. प्रकरण संपलं की ती ठोठावायची आणि तो उघडायचा. शेवटची टकटक कापून टाकायची असते, ती तो विसरायचा, एवढंच.

मी म्हटलं, अगं, बाईमाणसाला कपाटात घालून बाहेरून कडी? आतून लावून घे. ती म्हणाली, आतल्या बाजूला सगळा फोम चिकटवलाय, कडी बसत नाही. आणि तो बाहेरच तर असतो.

त्या फोननंतर आमची मैत्री झाली. कपाटाच्या आत लावायला मी तिला दोन पडदे शिवून दिले, मध्ये लोकरीच्या ब्लँकेटचा थर घालून. लावून झाल्यावर आम्ही पारख केली. ती आत, मी बाहेर. तिने आतून मला मोठ्याने हाक मारली आणि मला कुजबुजसुद्धा ऐकू आली नाही. लाकडावर ठोठावलेलं तेवढं कळत होतं. मी माझ्या कामावर खूश झाले. त्या पडद्यांबद्दल नंतर मला एकदोघींनी काहीबाही ऐकवलं, त्यांना मी हेच सांगितलं की मी कापड शिवलं, कडी मी लावली नाही.

गेल्या हिवाळ्यात इरावती गेली.

चंद्रहासने सांगितलं ते असं. तो कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेला होता. परत आला तर ती बेडरूममध्ये पडलेली, आणि तिचा दम्याचा पंप कपाटाबाहेरच्या टेबलावर. डॉक्टरांनी दमाच म्हटलं, आणि दमाच होता तो. इथली लाकडी घरं ओल धरतात, भिंतींवर बुरशी येते, हिवाळ्यात दम्याची माणसं हैराण होतात. कुणाला शंका यावी असं काही नव्हतं. सगळ्यांनी पाळीपाळीने डबे दिले. मीही दिले. त्यांची मुलगी श्रिया शहरात युनिव्हर्सिटीला असते, मैत्रिणींबरोबर फ्लॅटमध्ये राहते, ती आठवडाभर घरी येऊन राहिली.

आणि मग काही महिन्यांनी ॲपवर इरावतीच्या आवाजातली नवी पुस्तकं यायला लागली.

चंद्रहासने तिची सगळी जुनी रेकॉर्डिंग आवाज शिकणाऱ्या मशीनला भरवली होती. आता कुठलंही पुस्तक टाकलं की मशीन तिच्या आवाजात वाचून द्यायचं. ग्रुपवर लोकांनी हात जोडले, फुलं टाकली, ताई अमर झाल्या म्हणाले. मी ऐकलं. आवाज तिचाच, उच्चार तिचे, ते दुःखापाशी सावकाश होणंसुद्धा तिचं. श्वास मात्र नाही. पानंच्या पानं श्वास न घेता वाचणारी बाई. मी अभिप्राय लिहिला, कानामागून आली आणि तिखट झाली, आता हिला कुणीतरी श्वास घ्यायला सांगा. लोक माझ्यावर चिडले.

श्रिया चिडली नाही. ती बस बदलून माझ्या कामाच्या खोलीवर आली. इथेच जन्मलेली मुलगी, मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीत. कापडाच्या गठ्ठ्यावर बसून रडली. जाण्याच्या आदल्या आठवड्यात आईने तिला फोनवर सांगितलं होतं म्हणे, की बाबा मला मशीनला शिकवायला नुसती वाक्यं वाचायला सांगतोय, मी नाही म्हटलंय. माझा श्वास आहे तोवर मी वाचीन, त्यानंतर कुणी माझ्या आवाजात बोलायचं नाही.

"मावशी, शी सेड नो," श्रिया म्हणाली. "दॅट्स नॉट आई. मेक हिम स्टॉप. प्लीज."

बाबा माझं ऐकत नाही, तुमच्या अभिप्रायाला मात्र घाबरतो, असं तिचं म्हणणं. मी तिला शब्द दिला की तिच्या आईचा आवाज मी बंद करवीन. इतक्यात चंद्रहासचाच फोन आला.

तर त्या दुपारी मी त्याच्या दारात उभी राहिले. त्याने दार उघडलं आणि आतून ओलीचा वास आला, आणि त्याखाली नीलगिरीच्या तेलाचा. इरावती छातीला नीलगिरी चोळायची. वर्ष होत आलं होतं, तेल कोण चोळत होतं देव जाणे. घरात हवा कोरडी करायचं यंत्र घरघरत होतं. चंद्रहासचा चेहरा उतरला होता, दाढी वाढलेली. चहा करू का म्हणाला आणि करायला विसरला.

त्याने मला थेट बेडरूममध्ये नेलं. कपाटासमोर टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी दोन खुर्च्या. कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत माझे पडदे दिसत होते. दाराच्या कडेला जिथे कडी होती तिथली भोकं लांबीचा लगदा भरून बुजवलेली होती. रंग नीट जुळला नव्हता. बसण्याआधीच मी श्रियाचा निरोप सांगून टाकला. म्हटलं, ती नाही म्हणाली होती, आता हे बंद कर.

तो माझ्याकडे बघतही नव्हता. म्हणाला, "ताई, इतकी वर्षं तो आवाज मी साफ केलाय. एकेक श्वास, एकेक खाकरा काढलाय. अर्धा तरी माझाच आहे तो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी उठले नाही, कारण मला बोलावलं कशाला ते अजून कळायचं होतं. तेही त्याने सांगितलं. नव्या पुस्तकात एक आवाज येत होता. तो काढून टाकायचा, पुस्तक परत बनवायचा, आवाज परत यायचा. मशीनने बनवलेल्या आवाजाला खोली नसते, खुर्ची नसते, दार नसतं. मग हा येतो कुठून?

"टकटक?" मी विचारलं.

त्याने झटकन मान वर केली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. मी हेडफोन घेतला आणि कानावर चढवला. त्याने फाइल सुरू केली आणि दुसऱ्या खुर्चीत माझ्या तोंडाकडे बघत बसला.

कोकणातल्या मिठागरावरच्या एका कुटुंबाची कादंबरी होती. मशीनचं वाचन गुळगुळीत चाललं होतं. भरती, ओहोटी, मिठाचे ढीग, सासू-सून. मी नेहमीप्रमाणे मनात खोडी काढत होते. वाऱ्याने घर करकरलं. आणि मग एका लांब वाक्याच्या आधी, माझ्या दोन्ही कानांत, बारीक शिट्टी वाजली.

मशीनला श्वास नसतो.

पुढचं वाक्य मिठागराचं नव्हतं. सूर तोच, सावकाश, कादंबरीतलंच काही वाचावं तसा.

"मी म्हटलं, ही वाक्यं मी वाचणार नाही. यांना अर्थ नाही, ही नुसती माझा आवाज काढून घ्यायला आहेत. तो म्हणाला, वाचशील तेव्हा कडी काढीन... मी ऐकलं, तो हे हसून म्हणाला नव्हता. आत गरम होत होतं. रजयांना ओलीचा वास होता. पंप बाहेर टेबलावर होता, पडदा सारला की दाराच्या फटीतून मला त्याचं निळं टोक दिसत होतं. मी ठोठावलं..."

टकटक झाली. चंद्रहासच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ती हेडफोनबाहेर त्यालाही ऐकू आली.

"आली ना?" तो पुढे झुकून म्हणाला. "टकटक आली ना, ताई? आणखी काय ऐकू येतंय?"

मी हात वर करून त्याला गप्प केलं. कानात ती वाचतच होती. आता दर दोन शब्दांनी श्वास घेत होती.

"त्याने वळून दाराकडे पाहिलं... मग पाठ केली... हेडफोन लावला. मी पुन्हा ठोठावलं. त्याने... आवाज वाढवला. फटीतून मला स्क्रीन दिसत होता कॉम्प्युटरचा... तो माझंच जुनं पुस्तक ऐकत होता."

मी हेडफोन काढला नाही, नुसता एका कानावरून सरकवला. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण त्या भीतीहून मोठा राग होता. माझी मैत्रीण तीन हातांवर गुदमरत होती आणि हा तिचाच आवाज ऐकत बसला होता.

"कडी कुठे गेली रे?" मी विचारलं.

"काढून टाकली. आता कुणी आत बसत नाही ना." मग मी काहीच न विचारता तो घाईघाईने बोलायला लागला. तो फाइल साफ करत होता म्हणे. जुन्या पुस्तकाच्या शेवटच्या टकटकी कापत होता. कानात टकटक, बाहेर टकटक. "मला वाटलं, फाइलमधलीच आहे. मी कापत होतो, ताई. आली की कापायचो. परत यायची... परत कापायचो. मग ती थांबली."

"आणि आवाज वाढवलास तो?"

त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलं. घरात तेव्हा ती दोघंच होती. आवाज वाढवल्याचं फक्त त्याला ठाऊक होतं आणि तिला.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"वाचणारीने."

त्याने माझ्या डोक्यावरून हेडफोन ओढून घेतला आणि आपल्या कानाला लावला. बराच वेळ ऐकत राहिला. मग तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. म्हणाला, मिठागर आहे, मीठ भरतायत पोत्यांत, दुसरं काही नाही. तुम्ही थकला आहात. श्रियाने तुमचं डोकं भरवलंय. त्याने हेडफोन टेबलावर टाकला. उलट्या पडलेल्या हेडफोनमधून अगदी बारीक आवाज येत होता, आणि तो मला नावाने हाक मारत होता.

मी तो कानाला लावला.

"ताई," इरावती म्हणाली, "त्याला आत पाठवा."

आजवर मी शेकडो अभिप्राय दिले असतील. पण कुणी माझं ऐकून लगेच उठून काहीतरी केलं, असं त्या दुपारीच घडलं. मी चंद्रहासला शांतपणे म्हटलं, माझा कान मला कधी फसवत नाही, तुझ्या फाइलमध्ये दोष नाही. आवाज कपाटातून येतोय. फळी सैल झाली असेल, वाऱ्याने वाजत असेल. आत जाऊन भिंतीला कान लावून बघ. त्याला ते पटलं. पटवून घ्यायला तो आतुरच होता. त्याने मोबाइलचा दिवा लावला, माझे पडदे बाजूला सारले आणि वाकून आत गेला.

ते दार कायम उघडायचं. घर त्या बाजूला खचलेलं आहे, त्यामुळे मोकळं सोडलं की ते बाहेरच झुलतं, मी स्वतः कितीदा बघितलंय. ते दार सावकाश, चढावरून काहीतरी ढकलत आणावं तसं मिटत गेलं. अगदी मिटलं. कडी नव्हतीच. मी हातही लावला नव्हता.

आतून तो काही म्हणाला असेल, मला ऐकू आलं नाही. मी पडदे चांगले शिवते. मग दार हललं, एकदा, दोनदा, आतून ढकलल्यासारखं. मग टकटक सुरू झाली.

मी उठू शकले असते. हे कुणाला सांगताना मी फिरवून सांगत नाही. खुर्चीपासून दार हाताच्या अंतरावर होतं. मी खुर्ची टेबलाकडे वळवली, हेडफोन नीट बसवला, आणि आवाज वाढवला.

इरावती पुढचं वाचत होती. मिठागरच वाचत होती ती, कादंबरीच, जशीच्या तशी. शिट्टी थांबली होती. पूर्ण, खोल श्वास घेऊन ती वाक्यामागून वाक्य वाचत होती, तिला कधी नव्हता एवढा मोकळा श्वास घेऊन. सून भरतीच्या पाण्यात उभी राहते ते प्रकरण तिने असं वाचलं की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. एवढं सुरेख वाचन मी जन्मात ऐकलं नव्हतं. मधूनमधून टकटक येत होती. मी प्रत्येक वेळी आवाज आणखी थोडा वाढवला.

हिवाळ्यात इथे पाचलाच अंधारून येतं. मी दिवा लावला नाही. श्रियाला मी संध्याकाळी ये म्हणून सांगितलं होतं, काय ठरलं ते समोरासमोर सांगायला. ती आपल्या किल्लीने आत आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा मी दचकून हेडफोन काढला. टकटक केव्हाच थांबली होती.

"मावशी, व्हेअर्स बाबा?"

मी कपाटाकडे बोट केलं. तिने दोन बोटांनी दार ओढलं. ते अगदी सहज उघडलं.

चंद्रहास खाली बसला होता, माझा एक पडदा अंगाभोवती गुंडाळून. शुद्धीवर होता. धडधाकट होता. श्रियाकडे बघून त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मानेच्या शिरा ताणल्या. आवाज आला नाही. अजूनही येत नाही. डॉक्टर म्हणतात घशात काही दोष नाही, सगळं जागच्या जागी आहे. नुसती हवा येते.

त्याने त्याच आठवड्यात श्रियाला पासवर्ड लिहून दिला आणि तिने ते ॲप बंद करून टाकलं. मशीनची पुस्तकं गेली, जुनी खरी रेकॉर्डिंग तिने आपल्यापाशी ठेवली. काय घडलं होतं ते मी तिला सांगितलं, तिच्या बापाने मान हलवून हो म्हटलं. पुढे काय करायचं ते तिचं तिने ठरवायचं आहे. इरावतीच्या आवाजात आता कुणी बोलत नाही. मी शब्द दिला होता, तो पाळला. मला पश्चात्ताप वगैरे काही नाही, आणि झोपही चांगली लागत होती.

गेल्या आठवड्यात माझ्या फोनवर त्या बंद ॲपमध्ये एक नवं पुस्तक आलं. श्रियाला विचारलं, तिने काही टाकलेलं नाही. वाचक म्हणून नाव होतं चंद्रहास. मी शिवणाच्या मशीनवर बसून ऐकायला घेतलं. त्याचाच आवाज. कडी बसवल्यापासून सगळं सांगत होता, काही न लपवता, आणि प्रत्येक प्रकरणात त्याचा श्वास आदल्या प्रकरणापेक्षा थोडा तोकडा होत होता. मी समाधानाने शिवत होते. म्हटलं, अभिप्राय चांगला द्यायला हवा, वाचणारा प्रामाणिक आहे.

मग त्या दुपारचं प्रकरण आलं. मला वाटलं, आता आतला अंधार, पडद्यांचा वास, हे सगळं येईल. ते आलं नाही. दार मिटल्यावर गोष्ट त्याच्याबरोबर आत गेलीच नाही. ती बाहेर राहिली. त्याच्या आवाजात ते असं होतं, की वासंतीताईंनी खुर्ची टेबलाकडे वळवली. त्यांच्या पाठीला, ब्लाउजवर, पडद्याचा एक हिरवा दोरा चिकटला होता. त्यांनी उजव्या हाताने आवाज वाढवला आणि पुटपुटल्या, राहू दे त्याला.

हे मी पुटपुटले होते. खोलीत कुणी नव्हतं. दोरा मी घरी येऊन ब्लाउज काढला तेव्हा पाहिला.

मी ते तिथेच बंद केलं. पुस्तक संपलेलं नाही, काल त्यात आणखी एक प्रकरण येऊन पडलंय. ते मी उघडलेलं नाही. त्याच्याखाली वाचक म्हणून चंद्रहासचं नाव नाही, माझं आहे. मी काही कुठे वाचलेलं नाही. काल रात्रीपर्यंत माझा आवाज चांगला खणखणीत होता. सकाळपासून तो असा नुसत्या हवेसारखा झालाय, म्हणून तर तुम्हाला इतकं जवळ बसवून सांगावं लागलं.